दमल्यावर चालणारं पोहणं

आमचे हे पट्टीचे पोहणारे, असं ह्यांच्या गावची सगळी टेंभुर्णी सांगेल. लहानपण विहिरीत गेलेलं. काठावरून सूर मारायचा, पाणी उडवत चार हात हाणले की पायरी हाताला लागते. पोहणं एवढंच, पण रुबाब केवढा!

मी मात्र चाळिशी उलटल्यावर शिकले. बदनापूरजवळच्या आमच्या शेतात शेततळं झालं आणि माझ्या जिवाला घोर लागला. आतून प्लॅस्टिकची काळी पन्नी, उतार घसरडा, धरायला काही म्हणता काही न्हाई. हे तर रोज त्यात उतरायचे. घरात एकाला तरी बराबर पोहता आलं पाहिजे, म्हणून ड्यूटी सुटल्यावर जालन्यात बायकांच्या बॅचला नाव घातलं.

बाकीच्या सगळ्या फ्रीस्टाईलच्या मागे. मी शिकवणाऱ्या मॅडमना विचारलं, "दमल्यावर कोणतं चालतं?" त्या हसल्या आणि मला आधी उताणं तरंगायला शिकवलं. कान पाण्यात, पोट वर, श्वास सावकाश. मंग पाठीवरच पाय मारत सरकणं. मंग ब्रेस्टस्ट्रोक, कारण डोकं वर ठेवलं की समोरचं दिसतं. महिनाभर नाकातोंडात पाणी गेलं. पण एके दिवशी तरंगले बाई! टँकच्या मधोमध एकटीच खो खो हसत सुटले.

घरी मात्र थट्टा. शेततळ्यात मी कमरेला दोर बांधून, त्याचं दुसरं टोक कुंपणाच्या खांबाला बांधून उतरायचे. "दावणीची म्हैस पोहून राह्यली," हे म्हणायचे. "अन् बेडकावानी पाय काय झाडती? पोहणं पाहायचं का?"

एका रविवारी दाखवलंच. मी काठावर कमरेचा अन् खांबाचा दोर सोडत होते, तर ह्यांनी सूर मारला आणि झपाझप हात हाणत निघाले. अर्ध्यापर्यंत काय तो झोक! पुढं हात जड झाले. कसेबसे पलीकडं पोचले, पन्नीला हात लावला अन् सर्रकन मागं घसरले. पुन्हा चढू गेले, पुन्हा घसरले. तोंड पाण्याखाली जाऊन वर आलं, तेव्हा त्यांचे डोळे मोठाले झालेले.

दोर घेऊन मी बांधावरून पळत सुटले. "हात मारू नका! उताणे व्हा! कान पाण्यात घाला, पोट वर!" जन्मात एवढी ओरडले न्हाई. लग्नाला बावीस वर्षं झाली, पहिल्यांदाच ह्या माणसानं उलट उत्तर न देता ऐकलं. उताणे झाले. तरंगले. मी कुंपणाच्या खांबाला दोर बांधला आणि दुसरं टोक त्यांच्या छातीवर फेकलं. "धरा. आता पाय हलवा, हळू."

दोर धरून वर आले आणि बांधावर पालथे पडले. मी आधी तोंडाला येईल ते बोलले, मंग रडले. बराच वेळ धापा टाकून ते म्हणाले, "भ्यालो गं."

"मी तर हे तळं भरल्यापासून रोज भिते."

"मंग सांगायचं न्हाई का?"

"सांगितलं असतं तर ऐकलं असतं?"

त्यांनी जरा विचार केला. "न्हाई," म्हणाले. बिलकुल खरं होतं ते, म्हणून मी रडता रडता हसले.