मेडिकलवाल्यानं अर्धवट सोडलेला कोर्स

"सिमेनमध्ये पस सेल्स जास्त आहेत आणि मोटिलिटी कमी," डॉक्टर म्हणाले. म्हणजे वीर्यात पू-पेशी, आणि शुक्रजंतूंची हालचाल मंद. नवीन जालन्यातल्या त्या केबिनमध्ये मी एकटाच होतो. बायकोला, उषाला, दुकानाचा माल आणायला जातो असं सांगून आलो होतो.

"इन्फेक्शन दिसतंय. तीन आठवडे अँटिबायोटिक. दोघांनीही घ्यायचं."

टेंभुर्णीत माझं मेडिकल आहे. कोणता डॉक्टर कोणत्या कंपनीची गोळी का लिहितो, हे मला विचारा. एवढा लांब कोर्स बघून वाटलं, कंपनीनं यांना कुठंतरी फिरवून आणलेलं दिसतंय. मग 'दोघांनीही' टोचायला लागलं. तिनं कशाला? हे तिच्याकडून तर आलं नसेल? लिहायला लाज वाटते, पण गाव येईपर्यंत मी हेच घोळवत होतो. मूल होत नाही म्हणून तीन वर्षं सगळ्या तपासण्या तिच्याच चालल्या होत्या. माझी ही पहिलीच.

उषाला मी काही सांगितलं नाही. माझ्या कॅप्सूल व्हिटॅमिनच्या डबीत भरल्या. आठव्या दिवशी, डॉक्टरांना न विचारता, दुसऱ्या लॅबमध्ये तपासून घेतलं. मोटिलिटी आणखी खाली! चोर पकडल्यासारखा आनंद झाला मला. औषधानंच वाटोळं केलं, असं ठरवून कोर्स तिथंच बंद केला.

पंधरा दिवसांनी उषा ती डबी घेऊन दुकानात आली. अशक्तपणा वाटतो म्हणून तिनं व्हिटॅमिन घ्यायला उघडली होती.

"ही व्हिटॅमिनची गोळी न्हाई. कशाची हे?"

मी सांगून टाकलं.

"तीन साल झाले मी सुया टोचून घेऊन राह्यले. तुमची एक तपासणी, ती बी चोरून?" मग आवाज खाली आणून तिनं विचारलं, "कुठं गेल्ते तुम्ही? कुणाकडून आणलं हे इन्फेक्शन?"

मी मनात ठेवलेला संशय तिनं तोंडावर विचारला. मला फार वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं डॉक्टरांकडे गेलो.

"असं इन्फेक्शन लघवीच्या मार्गातूनही होतं. एकमेकांकडे बोट दाखवू नका," ते म्हणाले. माझा चोरटा रिपोर्ट त्यांनी बाजूला सारला. "शुक्रजंतू तयार व्हायलाच अडीच-तीन महिने लागतात. आठ दिवसांत काय कळणार? काही औषधांनी हालचाल तात्पुरती कमीही होते. तुम्ही मेडिकलवाले ना?"

मग त्यांनी कल्चर करायला लावलं, म्हणजे नमुन्यातले जंतू वाढवून ते कोणत्या औषधानं मरतात हे बघायचं. त्यानुसार नवा कोर्स लिहिला. या वेळी दोघांनी तो पुरा केला.

तीन महिन्यांनी पू-पेशी गेल्या होत्या. हालचाल वाढली होती, पण जेवढी हवी तेवढी नाही. "प्रयत्न करा. हमी मी देणार नाही," डॉक्टर म्हणाले. त्या वाक्यानं माझा त्यांच्यावर पहिल्यांदा विश्वास बसला.

अजून मूल नाही. पण माझ्यासारख्यांना सांगतो, बायकोला तीन वर्षं दवाखान्यात फिरवण्याआधी आपला नमुना द्या. आणि कोर्स मध्येच सोडू नका.

तीन महिन्यांनंतरचा तो रिपोर्ट मी आधी उषाच्या हातात दिला. तिनं दोनदा वाचला.

"आणखी कुठं चोरून दाखवायचाय का हा?"

"न्हाई."

तिनं तो आपल्या जाड फाइलीत लावला. फाइलीवर इतकी वर्षं तिचं एकटीचं नाव होतं. माझ्या खिशातला पेन काढून तिनं खाली माझंही लिहिलं.