बोराटीच्या आडोशाचा आपटा

अत्तार मॅडमना मी पहिल्यांदा पाहिलं ते पाठमोऱ्या. उदगीरच्या महाविद्यालयात वनस्पतिशास्त्राला प्रवेश घेऊन आठवडाही झाला नव्हता, आणि आमची सहल जळकोटजवळच्या माळावर गेली होती. मॅडम बोराटीच्या जाळीत डोकं घालून बसल्या होत्या. ओढणी काट्यांत पार गुंतलेली. मी सोडवायला धावलो, तर म्हणाल्या, “ओढणी जाऊ दे रे, आधी आत बघ!” आत आपट्याचं वीतभर रोप होतं. शेळ्यांनी सगळा माळ साफ केला होता, अन् हे पठ्ठं काट्यांच्या आडोशाला मजेत वाढत होतं. आज मी त्यांच्याच विभागात शिकवतो, पण त्या तोडीचा तास मला अजून जमलेला नाही.

पुढे माळावर झाडं यावीत म्हणून गावाने शेळ्यांना बंदी घालायचं ठरवलं. शेळ्या राखणाऱ्या सोपानमामांचं सगळं घर त्या चराईवर चालायचं. ग्रामसभेत ते उठून म्हणाले, “शेळ्या इकून मी खाऊ काय?” झाडांची बाजू घेतील म्हणून मॅडमना मुद्दाम बोलावलेलं, आणि त्यांनी घेतली शेळ्यांची! “चरू द्या त्यांना. फक्त कुंपणासाठी बोराटी तोडू नका. झाडं काट्यांतूनच वर येतील. नाही आली, तर बंदीचं सांगायला मामांच्या दारी मी स्वतः जाईन.” सभा हसली, पण बंदी टळली.

मॅडमचा राग तसा प्रसिद्ध आहे. तो दाखवण्याची रीत मात्र त्यांची स्वतःची. एकाने जाळी तोडून बांधावर टाकली, तेव्हा त्या त्याच्या घरी गेल्या, चहा प्यायल्या, मुलांच्या अभ्यासाची चौकशी केली आणि निघताना त्या काट्यांकडे नुसतं बघून आल्या. त्याने पुन्हा कोयता उचलला नाही.

आता गुडघ्यांमुळे मॅडमना माळ चढवत नाही. गेल्या दसऱ्याला सोपानमामाच उदगीरला आले आणि टोपीतून आपट्याचं एक पान काढून त्यांच्या हातावर ठेवलं.

“सोनं घ्या, मॅडम. तुमच्या आपट्याचं हाय.”

“फांदी तोडली का?”

“न्हाई हो! शेळीचं तोंड बी पुरत न्हाई आता त्याला. तुम्ही रागावता म्हनून एकच पान आनलं.”

मॅडम हसल्या, आणि मग कितीतरी वेळ ओढणीने डोळे पुसत राहिल्या.

मॅडम, साठीनंतरची तुमची सगळी वर्षं सुखाची आणि निरोगी जावोत. गुडघे तेवढे लवकर बरे करा. यंदा मामांना पान घेऊन उदगीरला यायला लावू नका. झाड सावलीला आलंय. सोनं तिथेच घेऊ.