स्लॅबच्या जागी डांगर

श्री. एलिया सॅम्युएल उजागरे, वय वर्षे पंचावन्न, धर्म ख्रिस्ती, व्यवसाय दूध संकलन केंद्रावर फॅट काढणे, राहणार तिसगाव शिवार, तालुका पाथर्डी. घराची सद्यःस्थिती: भिंती पूर्ण, छप्पर निरंक, रहिवास निरंक. सदर इसम स्वभावाने शांत असून घराचा विषय निघाल्यास शांत राहत नाही.

एवढं अधिकृत झालं. बाकीचं तिसगावात कुणीही सांगतं.

घर बांधायला काढलं तेव्हा त्यांची एंजल शाळेत होती. आता ती पुण्यात नर्स आहे आणि फोन लागला की "पप्पा, स्लॅब?" एवढंच विचारते. एलियाभाऊ आणि ग्रेसबाई राहतात शेजारीच, चुलतभावाच्या पत्र्याच्या खोलीत. एलियाभाऊंचा नियम असा की, स्लॅब पडल्याशिवाय काही करायचं नाही. खुर्च्या घ्यायच्या आहेत? स्लॅबनंतर. पाहुणे जेवायला बोलवायचे? स्लॅबनंतर. लग्नाचा पंचविसावा वाढदिवसही स्लॅबनंतरच व्हायचा होता. तिसावा आला नि गेला, तरी पंचविसावा शिल्लकच आहे.

ग्रेसबाईंनी नियम मोडला नाही. त्यांनी फक्त बांधकामाच्या पाण्याच्या टाकीशेजारी डांगराच्या, म्हणजे लाल भोपळ्याच्या, चार बिया टोचल्या. एक उगवली. वेल कॉलमवर चढला, वर उघड्या सळया त्याची वाटच बघत होत्या, आणि पावसाळा सरेस्तोवर हॉल म्हणून आखलेल्या जागेवर हिरवा मांडव झाला. ग्रेसबाई संध्याकाळी तिथं चहा घेऊन बसायला लागल्या.

"अवो, या की बसायला."

"स्लॅब पडू दे. मग बसू."

"बसायला स्लॅब लागतो व्हय?"

एलियाभाऊ चहा उभ्यानं प्यायचे. पुढं पुढं भिंतीला टेकून. नंतर सिमेंटच्या रिकाम्या गोणीवर बसून. मात्र ही बैठक तात्पुरती आहे, हे त्यांनी बायकोला स्पष्ट केलं होतं.

वेलाला फुलं ढीगभर आली, पण फळ धरलं एकच. ते मुठीएवढं असतानाच ग्रेसबाईंनी महिला मंडळात उठून जाहीर केलं, की हे हंगामाच्या सणाला देवाला. या सणाला मंडळी पहिलं पीक चर्चमध्ये आणतात आणि उपासना झाली की आवारात त्याचा लिलाव होतो. मुठीएवढं फळ देवाला बोलणं म्हणजे धाडसच, पण बोललं ते बोललं. डांगर मोठं व्हायला लागलं तशी ग्रेसबाईंनी जुन्या लुगड्याची झोळी करून ते सळईला टांगलं. झोळीची गाठ सुटायला लागली, तेव्हा एलियाभाऊंनीच बाइंडिंगची तार आणून ती आवळली. विचारलं तर म्हणाले, "डोक्यात पडंल कुनाच्या."

दिवाळीच्या तोंडावर सेंट्रिंगवाला, म्हणजे स्लॅबखालचा साचा बांधणारा, अजिनाथ आला. दरसालप्रमाणे तो आणि त्याची माणसं दिवाळी झाली की कोयते घेऊन ऊसतोडीला जातात, ते गुढीपाडव्याशिवाय परतत नाहीत. हंगामाचा सण दिवाळीनंतर होता. म्हणजे स्लॅब आत्ता टाकायचा, नाहीतर पाडव्यानंतर. आणि एलियाभाऊंनी पुऱ्या गावाला सांगून ठेवलं होतं की यंदाचा नाताळ आपल्या स्लॅबखाली.

अजिनाथनं वर बघितलं. "भाऊ, ह्यो येल काढा. उद्या प्लेटा लावतो."

"त्याला डांगर हाय."

"दिसतंय की. चिरा अन् भाजी करा."

"देवाचं हाय ते," ग्रेसबाई आतून म्हणाल्या. आतून म्हणजे जिथं स्वयंपाकघर व्हायचं आहे तिथून.

एलियाभाऊ चर्चच्या पाळकसाहेबांकडे गेले. पाळकसाहेब म्हणाले, "देवाला घराची अडचण समजते, उजागरे. त्याऐवजी दुसरं काही आणा." ग्रेसबाईंनीही ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "साहेबांनी सांगितलं तर तोडा. मी न्हाई अडवत." म्हणजे परवानगी सगळीकडून आली. नाही म्हणणारं कुणीच उरलं नाही, हीच अडचण झाली.

सकाळी केंद्रावरून आल्यावर एलियाभाऊ विळा घेऊन हॉलमध्ये गेले. ग्रेसबाईंनी चहा दिला. ते गोणीवर बसले. पानांतून ऊन खाली येत होतं, एक भुंगा उगाच फिरत होता. डांगर झोळीत ऐसपैस बसलं होतं, त्यानं घर आधीच ताब्यात घेतल्यासारखं. एलियाभाऊंनी चहा संपवला आणि कप पुढं केला.

"अजून हाय का?"

ग्रेसबाईंनी ओतला. अजिनाथ प्लेटांचा टेम्पो घेऊन आला तेव्हा विळा भिंतीवर होता आणि मालक गोणीवर.

"भाऊ, येल तसाच?"

"पाडव्यानंतर ये."

"अन् नाताळ?"

"कच्चं हाय अजून," एलियाभाऊ म्हणाले.

अजिनाथनं टेम्पो वळवला. जाताना म्हणाला, "डांगरासाठी स्लॅब थांबवल्याला मानूस बघायचा राहिला हुता. आता उसाच्या फडावर सांगायला झालं."

सणाला डांगर दोघांनी धरून नेलं. पहिल्यांदा ते एका शिक्षकांनी घेतलं आणि रिवाजाप्रमाणे परत देवाला दिलं, म्हणून दुसऱ्यांदा पुकारलं. तेव्हा एलियाभाऊ बोलीत उतरले. लोकांना कळलं आणि लोकांनी बोली चढवली. चर्चच्या कामाला हातभार लागतो, शिवाय करमणूक होते. सेक्रेटरी म्हणाले, "उजागरे, तुमचंच डांगर तुमी घेताय?"

"वळखीचं हाय," एलियाभाऊ म्हणाले आणि बाजारभावाला न शोभणाऱ्या किमतीला ते घरी आणलं. फोनवर एंजलनं विचारलं, "पप्पा, स्लॅब?" त्यांनी सांगितलं, "भाजी झाली. ये." ती नाताळला आली. पाहुणेही आले, जेवले. तोवर वेल वाळला होता, म्हणून सळईला कागदी तारा टांगला. खुर्च्या शेजाऱ्यांच्या होत्या.

स्लॅबचं पाडव्यानंतर बघायचं ठरलं आहे. टाकीशेजारी नव्या बिया टोचलेल्या आहेत, त्यावर चर्चा झालेली नाही. कागदोपत्री छप्पर निरंक, रहिवास निरंक. संध्याकाळी गेलात तर चपला बाहेर काढाव्या लागतात.