शेवंती घाडीची तांदळाची फेरी

शेवंती घाडी दान मागायची ते शिव्या देऊन.

घाटकोपरच्या डोंगरावर तिची खोली होती. दिवस कलला की ॲल्युमिनियमचा मोठा टोप कमरेवर घेऊन ती पायऱ्यांनी खालून वर निघायची. गिरण्यांचा संप सुरू होऊन एक पावसाळा उलटला होता. डोंगरावरच्या कितीतरी घरांतले पुरुष गिरणीत होते आणि त्यांच्या चुली आता पेटत नव्हत्या. बाकीच्या घरांत कुणी बसमध्ये कंडक्टर, कुणी पालिकेत, कुणी ट्रॉम्ब्याला अणुकेंद्रात माळी. शेवंती या पगार येणाऱ्या घरांच्या दारात उभी राहायची.

“मूठभर तांदूळ काढ गो.”

“आज नको मावशी, उद्या बघते.”

“उद्या? संपवाल्यांची पोरां मेल्यावर? काढ मुकाट्यान!”

एका कंडक्टरने तिच्या तोंडावर दार लोटलं, तेव्हा तिने फटीत पाय घातला. अंगठ्याचं नख उपटलं गेलं. रक्ताचा पाय तसाच ठेवून तिने त्याची कॉलर धरली आणि त्याच्याच हाताने डब्यातून तांदूळ काढायला लावले. दुसऱ्या दिवसापासून तो बिचारा तांदूळ दारात काढून ठेवायचा.

भूक तिने पाहिलेली होती. लग्न होऊन कुडाळकडून इथे आली, तेव्हा नवरा दशरथ प्यायचा आणि मारायचा. मार ती खात होती. पण तापलेल्या पोरासाठी केलेली पेज त्याने लाथेने उडवली, त्या दिवशी तिने त्याच्या दंडाचा असा चावा घेतला की दाताखाली मांस आलं. त्यानंतर दशरथचा हात उठला नाही. त्या वाईट महिन्यांत शेजारच्या सुंदराबाई रोज पेजेचं भांडं पाठवायच्या. घरात काही नसलं तरी शेवंती ते भांडं कढीलिंबाची पानं नाहीतर चिमूटभर मीठ घालूनच परत करायची. शेजारणीचं भांडं रिकामं परत करायचं नाही, ही गावाकडची रीत. माणूस घेतो तेव्हा त्याची मान खाली जाते. भांड्यात काहीतरी घालून परत दिलं की ती वर येते, असं तिचं मत होतं.

म्हणून फेरीतही तिने तोच नियम ठेवला. संपवाल्यांच्या घरी ती आपल्या डब्यांतून तांदूळ पाठवायची आणि डबे परत यायचे ते एखादी मिरची, चमचाभर हळद, असं काहीतरी घेऊन. ती ते आमटीत टाकायची आणि दशरथला सांगायची, “ही रुक्मिणीकडची मिरची. खा.”

मथुरेचा नवराही संपावर होता. एका दुपारी तिच्या घरी दिलेला डबा शेवंतीला आपल्या उंबऱ्याशी पडलेला दिसला. झाकण काढलं तर आत काही नव्हतं. धुऊन पुसून कोरडा.

शेवंतीचं डोकं फिरलं. मथुरा नळावर हंडा भरत होती. रांगेत सगळ्या बायका. शेवंतीने डबा तिच्या पायाशी आपटला.

“घेवक दोन हात, आणि देवक मिठाचो खडोसुद्धा नाय? भिकारी बरो गो तुझ्यापेक्षा, तो निदान देवाचा नाव घेता!”

मथुरेने तोंड उघडलं आणि मिटलं. हंडा भरून वाहायला लागला तरी तिला कळलं नाही. नळापलीकडे चहाच्या टपरीवर तिचा नवरा बळवंत बसलेला होता. तो उठला, तिचा दंड धरून तिला चालवत घरी घेऊन गेला. हंडा तिथेच राहिला.

थोड्या वेळाने पहिली किंकाळी आली. मग दुसरी. मग नुसतेच धप्प धप्प आवाज, आणि ते जास्त वाईट होते.

शेवंती धावली. दाराला आतून कडी होती. तिने खांद्याने दार आत पाडलं. बळवंतने मथुरेचे केस मुठीत धरले होते आणि तो तिचं डोकं मोरीच्या कठड्यावर आपटत होता. “भिकारी म्हणवून घेतेस! माझ्या नावानं! चारचौघांत!” मोरीतलं पाणी लाल झालं होतं. शेवंतीने पाट्यावरचा वरवंटा उचलला आणि त्याच्या खांद्यावर घातला. तो फिरला, तिचं मनगट पकडलं आणि काटकी मोडावी तसं पिळलं. हाड मोडल्याचा आवाज तिने स्वतः ऐकला. तोवर दशरथ आणि बाकीचे पुरुष आत शिरले होते. त्यांनी बळवंतला ओढत पायऱ्यांवर आणलं आणि तो निपचित पडेपर्यंत तुडवला.

इस्पितळात जाताना दोघी एकाच रिक्षात होत्या. मथुरेच्या कपाळाला धरलेलं फडकं भिजून गळत होतं.

“मावशी, मी आमसुलं घातली होती डब्यात,” ती म्हणाली. “त्यांनी ती गटारात टाकली. भीक घ्यायची आणि वर तिची परतफेड कसली करतेस, म्हणाले. डबा तेच तुमच्या दारात ठेवून आले.”

“मगे नळावर बोललंस का नाय?”

“माझा नवरा अन्न फेकतो, हे सगळ्यांसमोर कसं सांगू? त्यापेक्षा तुमच्या शिव्या बऱ्या.”

शेवंतीने डाव्या हाताने ते फडकं तिच्या कपाळावर घट्ट दाबून धरलं.

फेरी बंद पडली. तिचा उजवा हात प्लास्टरमध्ये होता, पण खरं कारण ते नव्हतं. वरच्या अंगाला राहणारी कमळ नळावर उघडच म्हणाली, “तांदूळ आम्ही द्यायचे आणि त्यांच्या मारामाऱ्यापण आम्हीच बघायच्या?” बायकांनी माना डोलावल्या. रुक्मिणीच्या घरी पोरं पाणी पिऊन झोपायला लागली. शेवंती खोलीत भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. तिच्या जिभेने काय केलं ते तिला दिसत होतं. ती जीभ घेऊन आता कुठल्या दारात जायचं?

कपाळाचे टाके निघाले त्या दिवशी मथुरा आली. एक डोळा अजून काळानिळा, अर्धा मिटलेला.

“टोप कुठाय?”

“नको गो. माझ्यान होणार नाय.”

“तुम्ही फक्त सोबत चला. बोलू नका.”

पहिल्या दोन-तीन दारांत कुणी काही विचारलं नाही. मथुरेचं तोंड बघून बायका आत गेल्या आणि तांदूळ घेऊन आल्या. पायऱ्यांच्या वळणावर बळवंत उभा होता.

“घरी चल.”

“फेरी झाली की बघते.”

त्याने टोपाला लाथ घातली. तांदूळ चिखलात सांडले. त्याचा हात मथुरेवर उठला, तोच वरून कमळ धावत आली आणि तिने पायातली चप्पल त्याच्या तोंडावर हाणली. एकदा नाही, हात दुखेपर्यंत. मग रुक्मिणी आली, मग आणखी दोघी. शेवंती डाव्या हाताने जमेल तसं मारत होती. मथुरा मारत नव्हती. ती खाली बसून चिखलातले तांदूळ वेचत होती.

तो गेल्यावर कमळने घरातून तांदूळ आणून टोपात टाकले. मूठ काही फार मोठी नव्हती. शेवंतीच्या ओठांवर शिवी आली. तिने ती गिळली.

“बरा झाला दिलंस,” ती म्हणाली. कमळ तिच्याकडे बघतच राहिली.

वेचलेले तांदूळ त्यांनी पाच पाण्यांनी धुतले. शेवंतीच्या दारात संपवाल्यांच्या घरातली माणसं ओळीने उभी राहिली आणि मथुरा वाटायला बसली. ओळीच्या शेवटी बळवंत होता. ओठ फुटलेला, भांडं आणलेलं नव्हतं.

“ह्याकापण देतलंस?” शेवंती दात चावून म्हणाली.

“देते. भुकेला आहे तो.”

त्याने शर्टाचा घोळ पुढे केला. मथुरेने इतरांना दिले तेवढेच तांदूळ त्यात घातले. तो तिथेच घुटमळला. ती उठून आपल्याबरोबर येईल म्हणून वाट बघत राहिला.

“मी इथंच राहणार आहे, मावशीकडे,” ती म्हणाली. “भात तुझा तू शिजव.”