दप्तरी दाखल

नाथाजी पिसाळ रागावले की बोरू तासायला घ्यायचे. चाकू हलकेच फिरवायचा, टोक उजेडाकडे धरून बघायचं, पुन्हा फिरवायचा. १९४९ साली सांगलीच्या त्या कचेरीत बोरूने कोणीच लिहीत नव्हतं, सगळ्यांच्या हातात टाक आले होते. त्यामुळे तासलेला बोरू कानावर खोचण्यापलीकडे कशाच्या उपयोगाचा नव्हता. राग मात्र निघून जायचा. संध्याकाळी केर काढताना धुळा शिपाई त्यांच्या टेबलाखालची सालपटं बघून म्हणायचा, "आज लय झालं वाटतं, दादा."

"झालं गड्या. उद्या कमी हुईल."

राग येण्यासारखं पुष्कळ होतं. संस्थानं विलीन झाली, दक्षिण साताऱ्याचा नवा जिल्हा झाला, आणि एका लहानशा संस्थानच्या दप्तरखान्यात सत्तावीस वर्षं काढलेल्या नाथाजींना सांगलीला आणून बसवलं ते खिडकीजवळ. खिडकीला एक काच नव्हती. वारा आला की कागद उडायचे, आणि कागद दाबायला हात ठेवला की आखूड पायाचं टेबल कलून दौत सांडायची. साडेअकराच्या ठोक्याला हजेरीपटावर तांबडी खूण पडायची. संस्थानात हजेरीपट नव्हताच. कारभारी आले की दिवस सुरू व्हायचा.

आणि या सगळ्याच्या वर हेडक्लार्क अनंतराव सोहोनी. हे साताऱ्याचे, म्हणजे खालसातले. इंग्रजी अमलातल्या मुलखाला संस्थानातली माणसं अजून खालसाच म्हणत. अनंतरावांना चिठ्ठ्यांचं वेड होतं. आलेल्या प्रत्येक कागदाला एक चिठ्ठी डकवायची, चिठ्ठीवर आकडा घालायचा, तो आकडा वहीत चढवायचा, आणि मोडी लिपीतला कागद असेल तर वेगळ्या रकान्यात चढवायचा. नाथाजींना आपला प्रत्येक कागद रुमालावरून, म्हणजे गठ्ठा बांधायच्या कापडाच्या रंगावरून ठाऊक असे. कागदाला आकडा डकवणं म्हणजे घरच्या माणसाला बिल्ला लावण्यासारखं त्यांना वाटायचं. त्यात अनंतराव बोलायचे गोड. "नाथाजीराव, संस्थानी थाट पुरे झाला हं आता. खळ आणा, चिठ्ठ्या डकवा."

घरी आल्यावर नाथाजी हे सांगायला लागले की लीलाबाई हात वर करायच्या. "कचेरी पायताणासंगं दारात ठिवा बघू. आत आला न्हवं? आता हातपाय धुवा."

ते हातपाय धुवायचे आणि हसायचे. मनातून त्यांची तक्रार फार खोल नव्हती. त्यांचे वडील संस्थानच्या पागेत घोड्यांना खरारा करायचे. पागेच्या भिंतीवर कोळशाने काढलेली पोराची अक्षरं कारभाऱ्यांनी पाहिली, आणि सतराव्या वर्षी नाथाजी दप्तरखान्यात आले. खुर्चीवर बसून पोट भरणारा पिसाळांच्या घरातला हा पहिला माणूस. टेबल कलतं तर कलतं, पण टेबल आहे, असा त्यांचा हिशेब. देवापुढे हात जोडताना ते दप्तराचंही नाव घेत. फक्त अनंतरावांचं नाव घेण्याइतकं मन अजून मोठं झालं नव्हतं.

दिवाळी होऊन पंधरा दिवस झाले असतील. सकाळी नाथाजी कचेरीत आले तर पायरीवर बनुबाई बसलेली. आटपाडीच्या पलीकडे चिंचदरा म्हणून वाडी आहे, तिथली ही बाई. साठीची, काटक, डोक्यावर पदर घट्ट. धनी लढाईवर गेला तो परत आला नाही, आणि त्या दिवसापासून वाडीचं कुठलंही सरकारी काम तिच्यावर पडलं, कारण सरकारला घाबरायचं तिचं संपलं होतं. वाडीच्या विहिरी उन्हाळ्यात आटायच्या, आणि त्यांतल्या एकीला तळात खडक लागला होता. त्या खडकात सरकारी यंत्राने भोक पाडून द्यावं म्हणून तिने १९४७ साली संस्थानात अर्ज केला होता. तेव्हापासूनची ही तिसरी खेप. दोनदा मोटार बदलून आली होती.

"आवं दप्तरवालं दादा," ती उठून म्हणाली, "यंतर आलंय आटपाडीला. शेजारच्या वाडीत भोकं पाडाय लागल्यात. आमचं नाव यादीत न्हाई म्हंत्यात."

"असं कसं?"

"म्याबी तेच म्हनलं. म्हनलं, आमचा कागूद दप्तरी दाखल हाय. खुद्द दादांनी मागल्या खेपंला सांगितलंय. आख्ख्या वाडीला म्या सांगितलं हुतं, दप्तरी दाखल हाय, गप बसा. तर त्यो मिस्तरी हसला."

"हसला?"

"हसला की. म्हनला, म्हातारे, म्हनूनच तुजं नाव न्हाई."

नाथाजींना काही उमगेना. तिला सावलीत बसवून ते आत गेले.

"अनंतराव, चिंचदऱ्याचा एक अर्ज आहे. विहिरीच्या तळाला भोक पाडण्याबद्दल. यादीत कसा आला नाही?"

"काय झालंय त्याचं?" अनंतरावांनी वहीतून मान वर केली नाही.

"दप्तरी दाखल आहे."

"मग संपलं की."

"संपलं? अजून सुरूच कुठं झालंय?"

आता अनंतरावांनी मान वर केली. "अहो, दप्तरी दाखल म्हणता आणि सुरू कुठं झालंय म्हणता? दप्तरी दाखल म्हणजे काम आटोपलं. बांधा आणि टाका माळ्यावर."

"आमच्यात," नाथाजी सावकाश म्हणाले, "दप्तरी दाखल म्हणजे कागद दप्तराला पोचला. आता कामाला घ्या."

"आणि काम संपल्यावर तुम्ही काय लिहायचात?"

"निकाल."

नाथाजी आपल्या जागेवर येऊन बसले. वाऱ्याने दोन कागद खाली गेले, तेही त्यांनी उचलले नाहीत.

संस्थानचं दप्तर नव्या सरकारच्या ताब्यात द्यायचं होतं तेव्हा ते तीन दिवस दप्तरखान्यातून हलले नव्हते. कोणाचं अडलेलं काम गहाळ होऊ नये म्हणून एकेक अपुरा कागद वेगळा काढला आणि त्यावर तांबड्या शाईने, चांगल्या वळणदार अक्षरात लिहिलं: दप्तरी दाखल. जे कागद जिवंत राहावेत म्हणून इतका जीव टाकला, तेवढेच नेमके त्यांनी स्वतःच्या हाताने पुरले होते.

चिंचदऱ्याचा कागद शोधून गुपचूप वर काढता आला असता. पण मग बाकीचे? त्यांच्यासाठी दोनदा मोटार बदलून येणारी बनुबाई सगळ्याच वाड्यांत असते असं नाही. दुसरीकडे, संस्थानच्या नोकरांपैकी कोणाला ठेवायचं आणि कोणाला घरी पाठवायचं ती यादी अनंतरावांच्याच टेबलावर पडली होती. नाथाजींच्या नावापुढचा शेऱ्याचा रकाना कोरा होता. हे धुळा शिपायालाही माहीत होतं.

नाथाजी उठले.

"अनंतराव, हा एकच कागद नाही. साठ-सत्तर असतील. सगळ्यांवर माझंच अक्षर आहे."

अनंतरावांनी चष्मा काढला. बराच वेळ धोतराच्या सोग्याने पुसला. मग खण उघडून एक नक्कल बाहेर काढली आणि नाथाजींपुढे सरकवली. अनंतरावांनीच वरच्या कचेरीला पाठवलेला तो तक्ता होता. 'संस्थानाकडून आलेली अपुरी कामे: निरंक.' खाली वरून आलेला शेरा: 'समाधानकारक.'

"मला शाबासकी मिळाली हो यावर," अनंतराव म्हणाले. "तेव्हाच शंका यायला हवी होती. अपुरं काम नाही अशी कचेरी पृथ्वीवर आहे का कुठं?" आणि ते हसायला लागले. खोकला येईपर्यंत हसले. "तुम्ही पुरलंत, आणि मी वरून माती लोटली! शाबास आपली!"

इतक्या महिन्यांत अनंतरावांना असं हसताना नाथाजींनी पहिल्यांदा पाहिलं. आपणही हसावं की नाही ते कळेना, म्हणून त्यांनी फक्त विचारलं, "आता?"

"आता काय, उकरायचं. धुळा! शिडी आण."

माळ्यावर तीनशेवर रुमाल होते. रंगावरून ओळखीन म्हणून नाथाजी स्वतः वर चढले, तर दीड वर्षाच्या धुळीने सगळे रुमाल एकाच रंगाचे झालेले. ते शिडीवरच थांबले. खालून अनंतरावांचा आवाज आला, "नाथाजीराव, ओळखीवर जाऊ नका. मोडीच्या रकान्यात दप्तरी दाखल म्हणून चढवलेले तेवढे वाचतो, आकडे बघा. एकशे बारा! एकशे सतरा! एकशे चाळीस!"

रोज कुरकुरत डकवलेल्या त्या चिठ्ठ्या होत्या. धुळा रुमाल खाली द्यायचा, नाथाजी आकडा बघून कागद काढायचे, अनंतराव वहीत खूण करायचे. बनुबाई दारात येऊन उभी राहिली आणि धुळ्याला म्हणाली, "आरं, फडकं बांध की नाकाला. मरशील." तिनेच आपल्या गाठोड्यातलं फडकं दिलं. तीन वाजता चहा आला तो थंड झाला. दिवस मावळायच्या आत एकसष्ट कागद टेबलावर आले होते. चिंचदऱ्याचा त्यात चव्वेचाळिसावा. नाथाजींनी तो झटकून अनंतरावांपुढे ठेवताना त्यांच्या तोंडून आपसूक निघून गेलं, "चिठ्ठ्या होत्या म्हणून हो. उपकार झाले."

"खळ माझी, पण डकवल्यात तुम्ही," अनंतराव म्हणाले.

हुकूम लगेच लिहिला गेला. पण अडचण दुसरीच होती. यंत्र आणखी चारच दिवस त्या भागात होतं. वाडीत विहिरी तीन, कुठली ते अर्जात लिहिलेलं, आणि अर्ज मोडीत. मिस्त्रीला मोडी येत नव्हती, आणि कचेरीच्या माणसाने कागद वाचून जागा दाखवल्याखेरीज तो काम सुरू करणार नव्हता.

"तुम्हीच जा," अनंतराव म्हणाले. मग यादी पुढे ओढून त्यांनी टाक बुडवला. "तुमच्या शेऱ्यात काय लिहू?"

"खरं ते लिहा."

अनंतरावांनी लिहिलं आणि टिपकागद फिरवण्याआधी नाथाजींना वाचू दिलं. 'यांच्याखेरीज संस्थानचे दप्तर वाचता येणार नाही. ठेवावे.' चुकीबद्दल अक्षर नव्हतं. त्या रात्री देवापुढे नाथाजींच्या यादीत एक नाव वाढलं.

चिंचदऱ्यात यंत्र आलं ते दोन बैलगाड्यांवर. विहिरीच्या तळात तीन पायांचा लाकडी सांगाडा उभा केला. त्याच्या शेंड्यावर कप्पी, कप्पीवरून दोर, आणि दोराला माणसाच्या उंचीची पोलादी पहार. सहा जणांनी दोर ओढायचा, पहार वर जाऊ द्यायची, आणि एकदम सोडायची. दर ठोक्याला मिस्त्री पहार थोडी वळवायचा, म्हणजे भोक गोल राहतं. काही वेळाने भोकात पाणी ओतून चुरा काढायचा. नाथाजींनी हे पूर्वी कधी पाहिलं नव्हतं. पहिल्या दिवशी दिवसभर ते काठावर बसून राहिले. आपल्या अक्षराने हे सगळं दीड वर्ष अडवून ठेवलं होतं, हे प्रत्येक ठोक्याला त्यांना ऐकू येत होतं.

पहिल्या दिवशी अठरा फूट. दुसऱ्या दिवशी काळा खडक इतका कठीण लागला की दुपारपर्यंत जेमतेम चार फूट. "कोरडं निघालं तर?" नाथाजींनी मिस्त्रीला विचारलं. मिस्त्री म्हणाला, "निघतंय की. दहातली चार निघत्यात." तिसरा दिवस शेवटचा. त्या सकाळी एकतीस फुटांवर ठोक्याचा आवाज बदलला. ठण्ण असा यायचा तो धप्प आला. मिस्त्रीने हात वर करून दोर थांबवला आणि पहार बाहेर काढली. भोकातून गढूळ पाणी वर आलं. कारंजं वगैरे नाही. उतू जाणाऱ्या दुधासारखं, सावकाश. खालच्या खडकात दाबून राहिलेलं पाणी वाट सापडली की असंच वर येतं. दुपारपर्यंत विहिरीत घोट्याएवढं झालं, चारला गुडघ्याएवढं.

वाडीत गलका झाला. बनुबाई त्या गलक्यातून बाजूला आली आणि नाथाजींच्या शेजारी बसली.

"बनुबाई," नाथाजी म्हणाले, "एक सांगायचंय. तुमचा कागद माझ्या चुकीनं मागं पडला. त्या दप्तरी दाखलचा अर्थ नव्या कचेरीत वेगळा होता. दीड वर्षापूर्वीच हे पाणी आलं असतं."

तिने त्यांच्याकडे पाहिलं. "म्हंजी दोन उन्हाळं तुमीच आमास्नी घागर घिऊन वड्यापतूर पळीवलं व्हय?"

"होय."

"आनि मी खुळी! वाडीभर तुमचं नाव सांगत फिरली, दादा लय चांगला, दादा लय चांगला म्हनून." ती चांगली तडकली होती. तिने दोन्ही उन्हाळ्यांचा सगळा पाढा वाचला, कोणाची कंबर मोडली, कोणाची म्हैस विकली. बोलून दमली तेव्हा थांबली. मग उठली, विहिरीत उतरली, आणि तांब्या भरून घेऊन आली.

"घ्या."

पाणी राखेच्या रंगाचं होतं. दगडाची पूड अजून खाली बसली नव्हती.

"गाळून द्याया पायजे हुतं," ती जरा नरमून म्हणाली.

"राहू द्या," म्हणून नाथाजींनी तांब्या तोंडाला लावला. दाताखाली कचकच लागली. ते सगळं पाणी प्याले.

"चुकलं तर चुकलं," बनुबाई तांब्या परत घेत म्हणाली, "पर सांगाया कोन आलंय हितवर आजपतूर? आवं, नाव काय तुमचं? तीन खेपा झाल्या, दादा दादाच म्हनतीया."

"नाथाजी."

"मग नाथाजी, बसा गुमान. पिठलं टाकलंय. खाल्ल्याबिगार मोटारीत बसायचं न्हाई."