तिसरा कप

"त्या सकाळी चव-खोलीतला एक सेवक दारू पिऊन आला. चहा जास्त मुरवून त्याने कप बिघडवला आणि चूक दाखवताच माझ्यावर हात उगारला."

कंपनीच्या स्मरणिकेत आमच्या मोठ्या साहेबांनी चाळीस वर्षांनंतर हे लिहिले आहे. तो सेवक मी. हात उगारला, हे खरे. बाकीचे खोटे.

माझगावच्या गोदीजवळ ती चहा पारखायची चव-खोली होती. ओळीने पांढरे कप मांडायचे, पत्ती तोलायची, उकळते पाणी ओतायचे आणि पाच मिनिटांची घंटा वाजली की चहा काढायचा, हे माझे काम. साहेब चमच्याने घोट ओढत, तोंडात घोळवत आणि पिंकदाणीत थुंकत. ती चाकांवरची पितळी पिंकदाणी ढकलत मी त्यांच्यामागे चालत असे. कप धुण्याआधी उरलेला चहा मी रोज चाखत असे. अठरा वर्षे. कोणी शिकवले नाही. जीभ शिकली. दारूला मी कधी शिवलो नाही; ती जीभ बोथट करते.

त्या दिवशी तिसऱ्या कपाला साहेबांचा चेहरा आक्रसला. ती पत्ती त्यांनीच पसंत केली होती. पेट्या गोदामात येऊन पडल्या होत्या. आणि शेजारी कंपनीचे मालक उभे होते.

"जास्त मुरवलास. तुरट झालाय," साहेब मला म्हणाले.

मी चाखला. "तुरट नाही, साहेब. तुरट चहा जीभ आवळतो. हा घसा ओरबाडतोय. पत्ती मळ्यावरच्या भट्टीतच करपलीय."

मालकांनी कप उचलला. साहेब घाईने हसले.

"काळाचौकीच्या चाळीत काढा उकळून पिणारे तुम्ही. ही जीभ आहे की चप्पल?"

मालकही हसले. कप तसाच खाली ठेवला.

"जीभच आहे, साहेब. खरं बोलते."

त्यांनी माझी मान धरली आणि तोंड पिंकदाणीत दाबले. "घे! सगळ्या मळ्यांचा चहा आहे यात. ओळख एकेक!"

दात पितळेवर आपटला. थुंकीत निवलेला चहा नाकात शिरला. आंबूस, कडवट, खारट. खारट होते ते माझे रक्त.

दारात पेट्या वाहणारा माझा सोबती उभा होता, कोळीवाड्यातला. तो ओरडला, "अरे भावा, माणूस हायस का पायपुसणं? ऊठ!"

उठलो. साहेबांचा गळा धरून त्यांना टेबलावर उताणे पाडले. कप खळाखळा फुटले. तिसरा मात्र मी उचलला आणि त्यांच्या दातांवर आपटून तोंडात रिता केला.

"गिळा. जन्मभर थुंकलात. आज गिळा."

त्यांनी गिळले. ओठ फाटला होता. मला वाईट वाटले नाही. आज ऐंशीच्या उंबरठ्यावरही वाटत नाही.

नोकरी गेली. कोठडी पाहिली. बायकोने परळच्या खानावळीत पोळ्या लाटून घर उभे ठेवले, आणि शेजारपाजारच्यांनी 'दारुड्याची बायको' ही शिवी तिला ऐकवली. हे ऐकतच ती वारली. म्हणून हा वाद माझ्या एकट्याच्या अब्रूचा नाही.

गेल्या रविवारी साहेबांचा मुलगा शाल-नारळ घेऊन आला. दादरच्या सभागृहात कंपनीचा समारंभ आहे, त्याचे आमंत्रण.

"काका, बाबा नव्वदीला आले. मिटवून टाका ना आता."

"तुझ्या बाबांनी छापलंय, बाळा. मिटवायचं तर त्यांनाच छापायला सांग."

शाल-नारळ परत पाठवले. समारंभाला मात्र जाणार आहे. तिथेही शाल घेणार नाही, खुर्चीवर बसणार नाही. बोलू दिले नाही तरी बोलेन, आणि फार बोलणारही नाही; एक चिठ्ठी तेवढी वाचेन.

मला पोलिसांनी नेले त्याच दुपारी त्या पत्तीच्या सगळ्या पेट्या मळ्याकडे परत गेल्या. त्या माझ्या सोबत्याने गाडीत चढवल्या आणि परतीच्या चिठ्ठीची कार्बन प्रत पुढे मला आणून दिली. तिच्यावर साहेबांच्या अक्षरात, साहेबांच्या सहीने, कारण लिहिले आहे: पत्ती भट्टीत करपलेली.