खाडी ओलांडायची नाही

परिक्रमेला जाऊन आलेल्या माणसाला लोक एकच विचारतात, "काही अनुभव आला का?" अनुभव म्हणजे, जंगलात कुणी म्हातारी भेटली, हातावर भाकरी ठेवली आणि वळून बघतो तर गायब, असलं काहीतरी. मी सांगतो, आले की, भरपूर आले. पण बहुतेक सगळे नर्मदा दिसायच्या आधीच आले, कोपर ते कल्याण या टापूत. नुसत्या तयारीतच इतके किस्से साठले की पुढे चमत्कार व्हायला जागाच उरली नाही.

*

मूळ कल्पना मंगलवहिनींची. वहिनी आमच्या कोपरच्या सोसायटीत माझ्या समोरच्या दारात राहतात. नर्मदा उजव्या हाताला ठेवून पायी चालत राहायचं, समुद्रापाशी वळायचं, उगमापाशी वळायचं आणि निघालो तिथे परत यायचं. मधे नदी ओलांडायची नाही. ओलांडली की परिक्रमा खंडित. हे सगळं त्यांनी लहानपणी आजोबांकडून ऐकलेलं. मुलीचं लग्न झालं, सासूबाईंचं आजारपण काढून झालं, आणि एका संध्याकाळी चहा गाळता गाळता त्या म्हणाल्या, "आता मला एकदा चालायचंय."

त्यांचे यजमान दळवीसाहेब पेपर वाचत होते. सरकारी खात्यातून निवृत्त झाले, तरी खातं आपल्यावाचून खोळंबलंय अशी त्यांची समजूत आहे. पेपर खाली न करता ते म्हणाले, "ठीक आहे. मी लीड करतो."

झालं. वहिनींची परिक्रमा तिथे संपली आणि साहेबांची सुरू झाली.

*

पहिली मीटिंग दळवींच्याच हॉलमध्ये. हजर आम्ही चौघं: साहेब, वहिनी, मी आणि वहिनींची ठाण्याची मैत्रीण कांचन. साहेबांनी नियम सांगितले. त्यातला एक त्यांच्या स्वतःच्या डोक्यातून आलेला होता. "ज्याची परिक्रमा खंडित होईल त्याने तिथूनच घरी जायचं. वाद नाही, रडारड नाही. बाकीचे पुढे."

हे म्हणताना ते वहिनींच्या गुडघ्याकडे बघत होते. वहिनींचा उजवा गुडघा जिना उतरताना दुखतो, हे सोसायटीत सगळ्यांना माहीत आहे, कारण साहेबच सांगतात.

"आठवडाभरात हिचा गुडघा बोलणार," साहेब हसत म्हणाले. "म्हणून मी आमची दोघांची परतीची तिकिटं काढूनच ठेवलीत. खंडवा ते कल्याण. प्लॅनिंग म्हणतात याला."

वहिनींनी साहेबांना अजून अर्धा कप चहा दिला, आलं घातलेला. साहेबांना आल्याचा चहा नसेल तर सकाळ होत नाही.

*

मग सराव. साहेबांचं म्हणणं, सराव म्हणजे नुसतं चालणं नव्हे, मनाला सवय लागली पाहिजे. म्हणून तयारी संपेपर्यंत खाडी हीच नर्मदा. सरावाला येताना, जाताना आणि सराव चालू असताना कुणीही खाडी ओलांडायची नाही.

कांचन म्हणाली, "साहेब, मी ठाण्याला राहते. मधे कळव्याची खाडी आहे. मी येऊ कशी?"

"तो तुमच्या संकल्पाचा प्रश्न आहे," साहेब म्हणाले.

"पण ती नर्मदा नाही ना. तिथे गणपती बुडवतात, म्हशी बसतात."

"नदीला नावं ठेवायची नाहीत."

पहिल्या रविवारी कांचन आली ती थेट सरावाच्या रस्त्यावर. साहेबांनी तिला लांबूनच थांबवलं. "कळव्याच्या पुलावरून आलात ना? खंडित. घरी जा."

ती म्हणाली, "घरी जायलापण तोच पूल आहे." शेवटी दर शनिवारी ती कोपरला वहिनींकडे मुक्कामाला येऊन सोमवारी परत जायला लागली. साहेबांनी ते मान्य केलं, कारण शनिवार-सोमवार नियमात नव्हते.

*

चालताना साहेब सगळ्यात पुढे. त्यांच्या पायात ट्रेकिंगचे बूट, गळ्यात शिट्टी. वहिनी मागे, आपल्या नेहमीच्या चपला घालून, बाजारात जावं तशा. पण दर अर्ध्या तासाने बसायला जागा साहेबच शोधायचे आणि म्हणायचे, "हिच्यासाठी थांबू या." वहिनी उभ्याच राहायच्या.

साहेबांची सॅक एवढी फुगली की ती उचलायला दोन माणसं लागायची. वजन बघायला आम्ही ती खालच्या भंगारवाल्याच्या काट्यावर ठेवली. त्याने काटा बघितला, सॅक बघितली आणि साहेबांना विचारलं, "काय धरू? प्लास्टिक की मिक्स?"

मग सॅक उघडली. आत इस्त्री केलेले सहा शर्ट, फोल्डिंग खुर्ची आणि इलेक्ट्रिक किटली. वहिनींनी विचारलं, "अहो, जंगलात प्लग कुठे लावणार?" साहेब म्हणाले, "सरकारने वीज सगळीकडे नेलीय. पेपर वाचत जा." शेवटी खुर्ची आणि शर्ट घरी राहिले. किटलीने मात्र घर सोडलं.

*

परिक्रमेत कधी कधी दारोदार जेवण मागावं लागतं. साहेबांनी त्याचाही सराव ठेवला, आमच्याच बिल्डिंगमध्ये. ते आणि मी एका मजल्यावर, वहिनी आणि कांचन दुसऱ्या.

साहेबांनी पहिली बेल वाजवली आणि मोठ्याने म्हणाले, "नर्मदे हर!" आतून आवाज आला, "वर्गणी दिलीय आम्ही." दुसऱ्या दारातल्या बाईंनी साखळी न काढताच सांगितलं, "हे घरी नाहीत. पार्किंगचं त्यांच्याशीच बोला." साहेब पाच वर्षं सोसायटीचे सेक्रेटरी होते. त्यांनी पाठवलेल्या नोटिसा लोक अजून विसरलेले नाहीत.

आम्ही रिकाम्या हाताने खाली आलो तर वहिनी जिन्यात बसून पुरणपोळी खात होत्या. शेजारी कांचन, तिच्या हातात भाजीचा डबा. साहेबांनी त्यातलीच एक पोळी घेतली आणि म्हणाले, "टीमने चांगलं काम केलं."

*

दिवाळीनंतर निघायचं आधीच ठरलं होतं. निघायच्या आदल्या दिवशी साहेबांनी केस काळे करून घेतले. संकल्पाआधी घाटावर पुरुषांना मुंडण करायला लावतात हे मी त्यांना सांगितलं होतं. ते म्हणाले, "फोटो कल्याणला निघणार आहेत, घाटावर नाही."

कल्याण स्टेशनवर सोसायटीची मंडळी निरोपाला आलेली. शाल, नारळ आणि एक बॅनर. बॅनरवर साहेबांचा फोटो जवळजवळ त्यांच्याएवढाच. खाली कोपऱ्यात तिकिटाएवढा वहिनींचा. आणि वर ठळक अक्षरांत, 'नर्मदा परिक्रमा यशस्वीपणे पूर्ण केल्याबद्दल हार्दिक अभिनंदन.'

मी म्हटलं, "साहेब, अजून गाडी पण आलेली नाही."

साहेबांनी बॅनर नीट वाचला. "राहू दे," ते म्हणाले, "परत लागेलच." आणि त्याच्यापुढे उभं राहून हार घालून घेतला. वहिनी तोवर हमालाशी बोलून डबा कुठे लागेल ते विचारून आल्या होत्या.

*

गाडीत साहेब झोपल्यावर वहिनी माझ्यासमोर येऊन बसल्या. म्हणाल्या, "भावजी, गुडघा दुखतो हे खरं आहे. पण दुखत दुखत चालता येतं, मी घरात तेच केलंय इतकी वर्षं. मला भीती गुडघ्याची नाही. हे चौथ्या दिवशी म्हणतील, बास झालं, चल. आणि मी उठून चालायला लागेन घरी, सवयीने."

दोन बर्थ सोडून साहेब शांतपणे घोरत होते. मला त्यांचा इतका राग कधीच आला नव्हता.

*

ओंकारेश्वरला घाटावर साहेबांचे काळेभोर केस गेले. पूजा झाली, संकल्प झाला, नदीचं पाणी छोट्या बाटल्यांत भरून घेतलं. आमचा काठ अलीकडचा. देऊळ समोर बेटावर, मधे नदीची धार आणि तिच्यावर पायी जायचा पूल. गुरुजींनी बजावलं, आता त्या देवळात परिक्रमा पूर्ण झाल्यावरच जायचं. साहेबांनी हे आम्हाला परत एकदा समजावून सांगितलं, गुरुजींपेक्षा जास्त वेळ घेऊन.

मग साहेबांना चहाची आठवण झाली. धर्मशाळेत किटली लावल्यावर अख्ख्या मजल्याचा फ्यूज उडाला होता, त्यामुळे सकाळपासून चहा नव्हता. घाटावरचा त्यांना पाणचट लागला.

वहिनी पायाला तेल चोळत बसल्या होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "पुलापलीकडे एक जण ताजं आलं कुटून घालतो म्हणे."

"आधी सांगायचं ना," साहेब म्हणाले आणि तरातरा निघाले. मी हाक मारायला तोंड उघडलं. कांचनने माझ्या हातात राजगिऱ्याचा लाडू ठेवला. मी तो खाल्ला.

थोड्या वेळाने वहिनींचा फोन वाजला. त्यांनी स्पीकरवर टाकला.

"अगं, फर्स्ट क्लास चहा आहे. तुमच्यासाठी किती आणू?"

"अहो," वहिनी म्हणाल्या, "तुम्ही उभे कुठे आहात?"

फोनमध्ये बराच वेळ नुसती घंटा ऐकू येत होती, देवळातली. मग साहेब म्हणाले, "हे बघ, ही मेन नदी नाही. हा फाटा आहे."

कांचन फोनकडे वाकून म्हणाली, "साहेब, कळव्याची खाडी तरी कुठे मेन नदी होती?"

वहिनींनी तेलाच्या बाटलीचं झाकण लावलं, चपला घातल्या आणि काठी घेऊन उभ्या राहिल्या.

"परतीचं तिकीट आहेच तुमच्याकडे," त्या म्हणाल्या. "माझं तेवढं कॅन्सल करा."